मास्टरांचे चौदा दिवस

सुरतेत साडेतीन वर्षं आम्ही ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो, त्यांना सगळी सोसायटी मास्टर म्हणायची. आम्हालाही ते आधी शाळामास्तरच वाटले. माझी बायको सुजाता शाळेत शिकवते. तिनं पहिल्याच भेटीत आपलेपणानं विचारलं, "कुठला विषय शिकवायचात?"

ते म्हणाले, "पॉलिस्टर."

ते डाइंग मास्टर होते. पलसाण्याला हायवेवरच्या एका मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं साड्यांचं कापड रंगवलं होतं. मूळचे खानदेशातले. घरात बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, अहिराणी, आमच्याशी जरा इस्त्री केलेली मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि राग आला की हिंदी, असा त्यांचा कारभार होता. अंगानं सडपातळ, नाकावर चष्मा, आणि उजव्या हाताच्या नखांच्या कडेला एक निळसर रेघ, जी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गेली नव्हती.

माझी बँकेतली नोकरी. कऱ्हाडहून बदली होऊन आलो, आणि सुरतेच्या डिंडोली भागात मराठी माणसाचं रो-हाऊस आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून बघायला गेलो. घरमालक काय विचारतात याची मला सवय होती. मच्छी-मटण, पाहुणे, पाण्याची वेळ. मी उत्तरं तयार ठेवून बसलो होतो. मास्टरांनी आम्हा दोघांकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तुमच्यात थंडी कोणाला जास्त वाजते?"

"हिला," मी म्हटलं.

"जेवल्यावर झोप येते?"

"मला येते."

"दही?"

"आवडतं."

"आवडतं ते ठीक. पावसाळ्यात खाता का?"

मी सुजाताकडं बघितलं. ती छताकडं बघत होती. त्यानंतर त्यांनी सकाळच्या विधीबद्दल दोन प्रश्न विचारले, ते इथं लिहीत नाही. मी खरी उत्तरं दिली, कारण त्यांनी ज्या गांभीर्यानं विचारलं त्यापुढं खोटं बोलायचं धैर्य झालं नाही. शेवटी ते म्हणाले, "घर तुमचं. एकच अट आहे. पंखा पाचवरून एकदम बंद करायचा नाही. चार, तीन, दोन, एक आणि मग बंद. मध्ये थोडं थांबायचं."

मी हसलो. ते हसले नाहीत. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "खरंच सांगतात ते."

या अटीमागचं शास्त्र पहिल्याच महिन्यात आम्हाला कळलं, आणि पुढं साडेतीन वर्षं कळतच राहिलं. आयुर्वेदात ऋतू सहा. एक ऋतू संपतानाचे शेवटचे सात दिवस आणि पुढचा सुरू होतानाचे पहिले सात दिवस, ही ऋतुसंधी. या चौदा दिवसांत आधीच्या ऋतूचं खाणं-पिणं, पांघरणं, आंघोळीचं पाणी हे सगळं थोडं थोडं सोडायचं आणि नव्या ऋतूचं थोडं थोडं धरायचं. एकदम केलं की माणूस आजारी पडतो. एवढंच. हे कोणीही ऐकतं, मान हलवतं आणि विसरून जातं. मास्टर विसरले नव्हते, कारण त्यांना हे शास्त्र नवीन नव्हतंच. ते म्हणायचे, "मी तीस वर्षं हेच केलं. पॉलिस्टरला रंग चढवताना पाणी एकशेतीसपर्यंत न्यावं लागतं. पण नेताना एक-एक डिग्री. घाई केली की रंग कुठं जास्त बसतो, कुठं कमी. कापडावर ढग दिसतात. आणि उतरवताना घाई केली तर कापडाला जी घडी पडते, ती मग इस्त्रीनं जात नाही, कशानंच जात नाही. हळू चढवायचं, हळू उतरवायचं. कापडाला कळतं ते माणसाला कळत नाही."

त्यांच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर वर्षातल्या सहा संधी सहा रंगांत रंगवलेल्या होत्या. रंग अर्थातच सुंदर होते. शिशिर ते वसंत ही संधी राखाडीतून पोपटीकडं अशी सरकत जायची की कुठल्या चौकोनात राखाडी संपली ते बोट ठेवून सांगता येत नसे. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाले, "तिसऱ्या दिवशी जरा पिवळा जास्त पडलाय."

थंडी संपताना ते गोधडी एकदम सोडत नसत. पहिले तीन दिवस पावलं बाहेर. मग गुडघ्यापर्यंत. मग कंबरेपर्यंत. शेवटचे दोन दिवस गोधडीचा एक कोपरा नुसता पोटावर. स्वेटरचंही तसंच. त्यांच्याकडं एकाच राखाडी लोकरीचे तीन स्वेटर होते: पूर्ण बाह्यांचा, अर्ध्या बाह्यांचा आणि बिनबाह्यांचा. काकूंनी मुद्दाम तसे विणले होते. अडचण अशी की सुरतेला थंडी येते कधी आणि जाते कधी हे सुरतेलाही नीट माहीत नसतं. एका वर्षी ती नऊच दिवस पडली. म्हणजे थंडी येण्याची संधी पुरी व्हायच्या आत थंडी जाण्याची संधी सुरू. त्या आठवड्यात मास्टर सकाळी एक स्वेटर चढवायचे आणि दुपारी दुसरा उतरवायचे, आणि दोन्ही नियमानं बरोबर होतं.

मिलमधून त्यांनी एक वस्तू मात्र घरी आणली होती. रंगाच्या पाण्यातला आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या. आठवड्यातून एकदा ते ताकात पट्टी बुडवायचे, उजेडाकडं धरून बघायचे आणि काकूंना निकाल सांगायचे.

"साडेचार. बरोबर डाय-बाथसारखं. आज साड्या बुडवा, पिऊ नका."

काकू ताक गाळून आमच्याकडं वर पाठवायच्या. आम्ही प्यायचो. उत्तम असायचं.

आता कोणी म्हणेल की माणूस कडक होता. तसं नव्हतं. रविवारी सकाळी ते स्वतः स्टेशनकडं जाऊन लोचो आणायचे. लोचो म्हणजे सुरतेचा तो मऊ, पसरलेला, आकार धरायला तयार नसलेला चण्याचा पदार्थ. वरून तेल, शेव, कांदा, चटणी. मास्टरांच्या कुठल्याही ऋतूच्या यादीत तो बसत नव्हता. पावसाळ्यात चणा वर्ज्य, उन्हाळ्यात तेल वर्ज्य, वसंतात जड वर्ज्य. तरी ते तो बारा महिने आणायचे आणि आमच्याकडं वर येऊन, दार लावून, खायचे. मी एकदा धीर करून विचारलं.

मास्टरांनी घास संपवला, रुमालानं ओठ पुसले आणि म्हणाले, "लोचो ऋतूच्या बाहेर आहे."

"म्हणजे?"

"तो घट्ट नाही, पातळ नाही. त्याची स्वतःचीच संधी चाललेली असते."

सुजातानं त्यांना आणखी वाढलं.

मला लहानपणापासून दर फेब्रुवारीत खोकला यायचा. हे कळल्यावर मास्टरांना जणू नवं काम मिळालं. पहिल्या वर्षी त्यांनी मला महिनाभर सुंठीचं पाणी पाजलं, दुपारची झोप बंद केली, दही तोडलं. खोकला आला. ते म्हणाले, "सुरुवात उशिरा केलीत." दुसऱ्या वर्षी लवकर सुरुवात केली आणि त्यात नस्याची भर टाकली. नस्य म्हणजे उताणं पडून, मान मागं टाकून, नाकात औषधी तेलाचे दोन-दोन थेंब सोडायचे आणि तसंच पडून राहायचं. ही बातमी सोसायटीत पसरली. आठवड्याभरात बाजूच्या घरांतले चार जण सकाळी साडेसहाला मास्टरांच्या ओट्यावर हजर व्हायला लागले. आम्ही पाच जण ओट्यावर ओळीनं उताणे पडायचो, डोकी कडेवरून खाली लोंबलेली, डोळे मिटलेले. मास्टर ड्रॉपर घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. कोणी शिंकलं तर त्याला पुन्हा शेवटी जाऊन पडावं लागे.

एका सकाळी मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. दूधवाला नवीन होता. मला त्याचे फक्त पाय दिसत होते, तेही उलटे. बराच वेळ ते पाय हलले नाहीत. मग त्यानं दबक्या आवाजात गुजरातीत विचारलं, "काका, शुं थयुं? पोलीसने फोन करूं?"

मास्टर शांतपणे म्हणाले, "एक जागा खाली छे. सूई जा." म्हणजे तूही आडवा हो.

दूध न देताच तो गेला. त्या वर्षी खोकला आला, पण आठच दिवस टिकला. तिसऱ्या वर्षी आलाच नाही. मास्टर म्हणाले की संधी साधली. सुजाता म्हणाली की मी सिगारेट सोडली म्हणून. दोन्ही एकाच वर्षी झालं, त्यामुळं निकाल लागला नाही.

मास्टरांना हे वेड कशापायी लागलं, ते आम्हाला त्यांच्याकडून कधीच कळलं नसतं. काकूंनी सांगितलं. हिवाळ्याचे दिवस होते. मास्टर बाजारात गेले होते आणि आम्ही तिघं ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. सुजातानं सहज विचारलं, "मास्टर पहिल्यापासून असेच का हो?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "मिलमध्ये होते तेव्हा दोन-दोन वाजता जेवायचे, उभ्यानं. बर्फाचं पाणी प्यायचे. भट्टीसारखी गरमी असायची तिथं."

मग त्यांनी सांगितलं. मिलमध्ये रंग जुळवणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं. एका मंगळवारी शेठच्या मुलानं मास्टरांना आत बोलावलं, चांगलं बोलला, हार घातला, आणि म्हणाला, उद्यापासून आराम करा. उद्यापासून. मास्टर घरी आले तेव्हा दुपारचा डबा तसाच भरलेला होता. बुधवारी सकाळी सवयीनं सहाला तयार होऊन नाक्यावर उभे राहिले. मिलची बस त्यांच्यासमोरून गेली. थांबली नाही, कारण ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं.

"मग काय झालं कोण जाणे," काकू शेंगांकडं बघत म्हणाल्या. "भूक गेली. झोप गेली. सहाला उठून तयार व्हायचे आणि कॉटवर बसायचे. बूट घालून. चार महिने. डॉक्टर झाले, रिपोर्ट झाले, सगळं चांगलं. शेवटी माझा भाऊ त्यांना बारडोलीला एका वैद्यांकडं घेऊन गेला. म्हातारे होते ते वैद्य. त्यांनी नाडी बघितली आणि एवढंच विचारलं, काम किती दिवसांत सोडलं? हे म्हणाले, पाच मिनिटांत. वैद्य म्हणाले, मग बरोबर आहे, पाच मिनिटांत कोणाचा ऋतू बदलतो का? आणि त्यांना ते चौदा दिवसांचं सांगितलं. मला वाटतं त्या दिवशी बाहेर आल्यावर यांनी पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला."

तेवढ्यात फाटक वाजलं, मास्टर आत आले आणि आम्ही सोललेल्या तुरीकडं बघून म्हणाले, "हेमंत आहे तोवर खाऊन घ्या. पुढच्या आठवड्यापासून पाऊण वाटी."

त्या दिवसापासून मी पंखा पाचवरून एकदम बंद केला नाही. मास्टर बघत नसले तरीही.

चौथ्या वर्षीच्या फेब्रुवारीत माझं प्रमोशन झालं आणि बदलीचा हुकूम आला. डेहराडून. नऊ दिवसांत इथून निघायचं होतं. मी खाली जाऊन बातमी सांगितली तेव्हा मास्टर कॅलेंडरसमोर उभे होते. त्यांनी आधी अभिनंदन केलं. मग विचारलं, "डेहराडूनला आता काय आहे?"

"थंडी असेल अजून."

"म्हणजे शिशिर."

"असेल."

"इथं वसंत लागला." ते कॉटवर बसले. "म्हणजे तुम्ही वसंतातून परत शिशिरात जाणार. पुढच्या ऋतूत जायची रीत आहे. मागच्या ऋतूत जायचं कसं, हे कुठंच लिहिलेलं नाही."

"मास्टर, माणसं जातात हो. विमानानं तर दोन-चार तासांत जातात."

"जातात. पण बरी नसतात."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी काउंटरवर होतो. काचेचं दार उघडून मास्टर आत आले. पांढरी सफारी, पायात बूट, हातात प्लास्टिकची फाइल. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. सरळ आमच्या मॅनेजरच्या, देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. मी धावत मागं गेलो. देसाईसाहेब तापट माणूस, त्यात महिनाभर सर्दीनं बेजार. मास्टरांनी त्यांच्यापुढं एक अर्ज ठेवला. सुवाच्य मराठीत, वर विषय लिहिला होता: भाडेकरूची बदली ऋतुसंधी संपेपर्यंत पुढे ढकलण्याबाबत.

देसाईसाहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी माझ्याच बदलीविरुद्धचा अर्ज माझ्याच साहेबांना भाषांतर करून वाचून दाखवला. आयुष्यात इतका घाम मला कधी फुटला नाही, आणि केबिनमध्ये एसी चालू होता.

"आप इनके कौन हो?" साहेबांनी विचारलं.

"मकानमालक."

"मकानमालक बदली रोकने आया है?"

"रोकने नही, साब. धीमे करने. सिर्फ चौदह दिन. नौ आपने दिये, पाँच कम पडते है."

साहेब काही बोलणार तेवढ्यात त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. मास्टर थांबले, त्यांनी वर एसीकडं बघितलं.

"साब, ये कितने पे है?"

"अठारा."

"और बाहर?"

"चौंतीस-पैंतीस होगा."

मास्टरांनी मागं वळून त्या काचेच्या दाराकडं बघितलं, जणू त्या दारानंच गुन्हा केला होता. "सोळा-सतरा डिग्री. एका दरवाज्यात. माझ्या मिलमध्ये कोणी कापडाबरोबर असं केलं असतं, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता." मग गुजरातीत, अगदी मऊ आवाजात त्यांनी सर्दी कधीपासूनची ते विचारलं, "साहेब, आ शरदी केटला वखतथी छे?"

पुढची पंचवीस मिनिटं माझ्या बदलीबद्दल एक शब्द निघाला नाही. मी बाहेर येऊन काउंटरवर बसलो. काचेतून दिसत होतं की देसाईसाहेब बोटांवर काहीतरी मोजून दाखवताहेत आणि मास्टर मान हलवताहेत. मग साहेबांनी जीभ बाहेर काढून दाखवली. एक खातेदार बाई माझ्यासमोर उभ्या होत्या, त्यांनीही ते बघितलं. मी त्यांचं पासबुक भरून दिलं.

अर्ज अर्थातच नामंजूर झाला, हुकूम वरून आलेला होता. पण त्या दिवसापासून आमच्या शाखेतला एसी रोज एक डिग्री वर जायला लागला. सगळा स्टाफ माझ्यावर रागावला. माझ्या निरोप समारंभाला तेवीस होता.

संध्याकाळी मी मास्टरांकडं गेलो. मी म्हटलं, "तुम्ही एवढं केलंत हेच खूप झालं." ते म्हणाले, "झालं कुठं," आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं वागणं बदललं. एरवी रोज सकाळी साडेसहाला ते वर येऊन दार वाजवायचे आणि आमच्या दोघांची तब्येत विचारायचे. त्या सकाळी आले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर भेटले, पण दोनच वाक्यं बोलून उठले. त्याच्या पुढच्या दिवशी ओट्यावरही नव्हते, खिडकीतून हात केला. रविवारी लोचो आला, पण दाराबाहेर पिशवी अडकवलेली. खाली जाऊन बघितलं तर ते पेपर तोंडापुढं धरून बसलेले. "बरं चाललंय ना?" मी विचारलं. "हं," पेपरामागून आवाज आला.

सुजाताला फार लागलं. सामान बांधता बांधता ती म्हणाली, "तू त्यांना काही बोललास का?"

"मी काय बोलणार?"

"मग असं कसं तोडतं कोणी? साडेतीन वर्षं राहिलो आपण."

मलाही राग आला होता. मनात म्हटलं, शेवटी घरमालकच. भाडेकरू जाणार म्हटल्यावर पुढच्या भाडेकरूची काळजी. सातव्या दिवशी जिन्यात समोरासमोर आलो तर त्यांनी नुसती मान हलवली आणि भिंतीला चिकटून मला वाट दिली. आठव्या दिवशी दिसलेच नाहीत. काकूंनी एक पिशवी वर आणून दिली: सुंठ, तिळाचं तेल, मेथीचे लाडू आणि पूर्ण बाह्यांचा राखाडी स्वेटर. प्रत्येक पुडीवर मास्टरांच्या अक्षरात, कुठल्या दिवसापासून किती घ्यायचं ते लिहिलेलं.

नवव्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सामान चढलं. सोसायटीतले सगळे भेटायला आले, नस्यवाले चौघंही. मास्टर नाहीत. सुजाता काकूंच्या पाया पडली आणि तिच्यानं राहवलं नाही. "काकू, आमचं काही चुकलं का?"

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "अगं, काही नाही चुकलं. ते तुम्हाला हळूहळू उतरवताहेत."

आम्हाला लगेच कळलं नाही.

"रोज थोडं कमी भेटायचं, थोडं कमी बोलायचं. चौदा दिवसांत शून्यावर यायचं असं ठरवलं होतं त्यांनी. म्हणून तर बँकेत गेले होते, पाच दिवस मागायला. नऊच मिळाले. आता आत बसलेत, ना धड इकडं ना धड तिकडं."

आम्ही दोघं आत गेलो. मास्टर मागच्या खोलीत कॉटवर बसले होते, दाराकडं पाठ करून. अंगात सफारी होती. पायात बूट होते.

मला ते बूट बघवेनात. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. सुजाता दारातच उभी राहिली.

"मास्टर, निघतो आम्ही."

"आज भेटायचा दिवस नव्हता," ते भिंतीकडं बघत म्हणाले.

"माहितीय. काकूंनी सांगितलं."

"अजून पाच दिवसांचं राहिलंय."

"मग कसं करायचं?"

"ते मी फोनवर करीन."

त्यांनी शब्द पाळला. डेहराडूनला पोचलो त्या संध्याकाळी फोन आला, वीस मिनिटं बोलले. सुंठ घेतली का, पाणी कोमट आहे का, स्वेटरच्या बाह्या पुरतात का. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. मग दहा. मग पाच. पाचव्या दिवशी फोन उचलल्याबरोबर म्हणाले, "आज चौदावा. झालं. आता तुम्ही तिकडचे," आणि माझं 'मास्टर' म्हणून होईपर्यंत फोन ठेवला.

त्यानंतर फोन नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. सुजाता म्हणाली, तू कर. मी म्हणालो, त्यांनी एवढ्या कष्टानं जमवलंय, आपण कशाला पुन्हा ढवळायचं. पण त्या संध्याकाळी ऑफिसातून परत येताना मला राहवलं नाही. रस्त्याच्या कडेला थांबून मी फोन लावला. सात वाजायला दोन-तीन मिनिटं होती. मास्टर ठोक्याला सात वाजता जेवायला बसत, गरम असतानाच जेवत, आणि जेवताना कोणाचाही फोन घेत नसत. हे माहीत असूनही लावला.

"काय झालं?" त्यांचा आवाज घाबरलेला होता. "ताप आहे?"

"नाही, नाही. आम्ही छान आहोत."

"मग?"

"मग काही नाही. सहज केला."

"सहज म्हणजे?"

"आठवण आली, मास्टर."

फोन लागलेला आहे का, म्हणून मी कानापासून काढून बघितला. लागलेला होता. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, तिकडं झाडांना पालवी फुटली का. मी म्हटलं, आमच्या दारातल्या एका झाडाला आत्ता कुठं फुटायला लागलीय. कुठलं झाड, ते मला सांगता येईना. ते म्हणाले, पान कसं आहे ते सांगा. मी त्या झाडाचं पान सांगायला लागलो. मग त्यांनी वरच्या नव्या भाडेकरूंचं सांगितलं, देसाईसाहेब एकदा घरी येऊन गेले त्याचं सांगितलं, दूधवाला आता ओट्यावर येऊन पडतो त्याचं सांगितलं. माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. मागून काकूंचा आवाज आला, "आवो, भाजी थंडी व्हई ऱ्हायनी."

"व्हऊ दे," मास्टर म्हणाले. आणि मग मला, "हं. बोला."